टॅप कुणाच्या हातात?

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर 45 अंशांत तापलेल्या भिंती रात्री 8 वाजताही हाताला चटका देत होत्या. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच ग्लासात ओतून देणाऱ्या जागेत, मी आणि बायको काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या बघत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर चार पोरं आली, पंचविशीच्या आसपासची. एकाने फळ्यावरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि वेटरला विचारलं, "भाऊ, यातली चढते कोणती?" वेटरने खरं ते सांगितलं, की सगळ्या 5 टक्के मद्यांशाच्या आतल्या आहेत. "मंग कायले प्याची?" असं म्हणत तो मित्रांकडे वळला. दहा मिनिटांत चौघंही उठून गेले.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्या पोराला मी नावं ठेवत नाही. बिअर चढण्यासाठी प्यायची आणि कमी पैशांत जास्त चढेल ती चांगली, हा हिशोब त्याला आपल्या बाजाराने शिकवला. बारमध्ये बसलं की "स्ट्राँग की माइल्ड?" एवढंच विचारतात. कशाची आहे, कुठे बनली, कधी बनली हे विचारायची सोयच नसते. देशात खपणाऱ्या बिअरमधली बहुतेक बिअर स्ट्राँग असते. उन्हाळ्यात, गप्पा मारताना, जेवणासोबत सावकाश घ्यायचं हे पेय आपल्याकडे व्हिस्कीची स्वस्त पर्यायी सोय होऊन बसलं.

मला म्हणायचं आहे ते असं. लहान, स्वतंत्र मालकीची, जिथे बनते तिथेच प्यायली जाणारी बिअर नागपुरात वाढावी आणि सरकारने तिला क्वार्टर आणि बाटलीबंद स्ट्राँगच्या मापाने मोजू नये. पिणारे वाढावेत म्हणून मी हे लिहीत नाही. जो पितोच आहे तो काय पितो, किती पितो, कुठे बसून पितो आणि त्याचा पैसा कुणाकडे जातो, हे सगळं बदलू शकेल अशी जागा म्हणून मी टॅपरूमकडे बघतो.

आमच्या घरात दारू हा सहज बोलायचा विषय नाही. माझे मोठे काका 54 व्या वर्षी यकृत निकामी होऊन गेले. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत काकूंनी शेवटची वर्षं कशी काढली ते मी शाळेत असताना पाहिलंय. काकांच्या खिशात क्वार्टर असायची. ती प्यायची जागा ठरलेली नव्हती. कधी दुकानामागची गल्ली, कधी घराचा अंधारा जिना. कुणाच्या सोबतीने, जेवत, बोलत पिताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे मद्यार्काला मी निरुपद्रवी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल अशी मद्याची कुठलीही मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. बिअर याला अपवाद नाही. कुणी टॅपरूमवाला "आमची बिअर नैसर्गिक, तब्येतीला चांगली" असं सांगत असेल तर त्याने ते आजच बंद करावं.

पण मात्रा हाच मुद्दा असेल तर मात्रा मोजूनच बघू. टॅपरूममधल्या 4.8 टक्क्यांच्या गव्हाच्या बिअरचा 330 मिलिलिटरचा ग्लास घ्या. त्यात शुद्ध मद्यार्क जेमतेम 16 मिलिलिटर, वजनाने साडेबारा ग्रॅम. 650 मिलिलिटरच्या 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत 52 मिलिलिटर, म्हणजे 41 ग्रॅम. आणि 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये 77 मिलिलिटर, म्हणजे 60 ग्रॅमच्या वर. काकांच्या खिशात मावणाऱ्या त्या एका बाटलीत माझ्या समोरच्या ग्लासासारखे जवळजवळ पाच ग्लास भरलेले असायचे. ती बाटली पंधरा मिनिटांत संपू शकते. पाच ग्लास बिअर म्हणजे दीड लिटरच्या वर पेय. तेवढं प्यायला संध्याकाळ लागते, मध्येच पोट नको म्हणतं, आणि माझ्यासारख्याचा खिसा त्याच्याही आधी नको म्हणतो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या मानकांत 5 टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि 5 ते 8 टक्क्यांची स्ट्राँग अशी विभागणी आहे, आणि बाटलीवर मद्यांश छापावा लागतो. ग्लासवर मात्र काहीच छापलेलं नसतं. त्या रात्री फळ्यावर बिअरची नावं होती, सोबत चवीचं सुंदर वर्णन होतं, पण टक्के नव्हते. त्या पोराला ते विचारावे लागले. त्याने भलत्या कारणासाठी विचारले हे खरं, पण विचारावे लागणं हीच चूक होती.

आता जागेबद्दल. 'परमिट रूम' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यामागचा कायदा विसरलो. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू पिण्यावर मुळात बंदी घातली आणि परवाना असलेल्याला सूट दिली. तो परवानाधारक जिथे बसेल ती परमिट रूम. कायदा आजही लागू आहे, फक्त त्याच्या नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं. कागदावर दारूबंदी आणि तिजोरीत दारूचा महसूल, अशा राज्यात प्यायच्या जागा कशा दिसतात ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. काळ्या काचा, दारावर जाड पडदा, आत मंद दिवा. लपून करायची गोष्ट आहे असं ती खोलीच सांगते, आणि लपून करायची गोष्ट माणूस घाईघाईने करतो.

टॅपरूमची भिंत काचेची असते, दिवे लख्ख असतात, टाक्या समोर दिसतात. बाहेरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसतं. माझ्या बायकोने या शहरात घराबाहेर बसून पहिला ग्लास घेतला तो 48 व्या वर्षी, त्या टॅपरूममध्ये. परमिट रूमच्या दारातून आत जायचा विचारही तिने कधी केला नव्हता. ज्या खोलीत बायका सहज येऊन बसतात, जिथे लोक जेवायलाही येतात, तिथल्या पुरुषांचा आवाज आणि तोल दोन्ही वेगळे असतात. याला अभ्यासाचा पुरावा माझ्याकडे नाही, डोळ्यांचा आहे.

मालकीचा प्रश्न मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर 2021 मध्ये एक निकाल दिला. देशातल्या तीन सगळ्यांत मोठ्या बिअर कंपन्यांनी, म्हणजे युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि ज्या कंपनीचा भारतातला धंदा आता एबी इनबेव्हकडे आहे तिने, 2009 ते 2018 या काळात किमती आपसांत ठरवल्या असा त्यात निष्कर्ष होता. ज्या राज्यांत हे चाललं त्यांत महाराष्ट्रही होता. एकूण दंड 873 कोटी रुपयांच्या घरात गेला. एबी इनबेव्हने आपणहून माहिती दिली म्हणून तिला माफी मिळाली. डिसेंबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तो दंड कायम ठेवला. म्हणजे बारमध्ये बसून आपण ब्रँडवरून वाद घालत होतो तेव्हा त्या ब्रँडचे मालक एकमेकांशी बोलून आपल्या ग्लासाची किंमत ठरवत होते. त्याच 2021 साली युनायटेड ब्रुअरीजमधला मोठा वाटा नेदरलँड्सच्या हायनेकनकडे गेला.

अशा बाजारात 'स्वतंत्र' या शब्दाला वजन आहे. अमेरिकेतल्या लहान ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या, संघटनेने त्याची व्याख्या करून ठेवली आहे. ब्रुअरीत मोठ्या मद्य कंपनीची मालकी 25 टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ती स्वतंत्र. 2017 मध्ये त्यांनी तशा ब्रुअरींसाठी वेगळी खूण काढली, कारण मोठ्या कंपन्या लहान ब्रुअरी विकत घेऊन जुन्याच नावाने, जुन्याच लेबलने बिअर विकू लागल्या होत्या आणि पिणाऱ्याला पत्ताही लागत नव्हता. आपल्याकडे 'क्राफ्ट' हा शब्द कुणीही फळ्यावर लिहू शकतो. उद्या एखाद्या मॉलमध्ये शोभेची तांब्याची टाकी ठेवून मोठ्या कंपनीच्या पिंपातली बिअर कुणी 'नागपूरची क्राफ्ट' म्हणून ओतली, तर आपण काय करणार?

यावर मला बेल्जियममधल्या ह्यूगार्डन गावाची गोष्ट नेहमी आठवते, कारण ती संत्र्याच्या सालीची गोष्ट आहे. त्या गावात शतकानुशतकं पांढरट, ढगाळ दिसणारी गव्हाची बिअर बनायची. माल्ट न केलेला, म्हणजे मोड आणून न वाळवलेला कच्चा गहू, वाळवलेली संत्र्याची साल आणि धणे ही तिची खासियत. 1950 च्या दशकात गावातली शेवटची ब्रुअरी बंद पडली. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने, जो लहानपणी शेजारच्या ब्रुअरीत हाताखाली काम करायचा, 1960 च्या दशकाच्या मध्यात ती बिअर पुन्हा बनवायला घेतली. गावाची चव परत आली, पुढे जगभर गेली. 1985 मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभं राहायला त्याने मोठ्या कंपनीचा पैसा घेतला, आणि काही वर्षांत ब्रुअरी त्या कंपनीची झाली. सेलिस अमेरिकेत निघून गेला. 2005 मध्ये कंपनीने ह्यूगार्डनची बिअर ह्यूगार्डनमध्ये न बनवता दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यात बनवायचं जाहीर केलं. लोकांनी विरोध केला, तिकडे चव जमेना, आणि शेवटी कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. बाटलीवर गावाचं नाव होतं, पण बिअर गावात बनेल की नाही हे ठरवायचा अधिकार गावाकडे राहिला नव्हता.

संत्र्याची साल आणि धणे. नागपूरकराने ही कृती वाचली की त्याच्या डोक्यात जे येतं तेच माझ्याही डोक्यात आलं. त्या टॅपरूमचा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) फूड टेक्नॉलॉजी शिकलेला आहे. त्याने मला आपलं संत्रं आणि बेल्जियमची साल यांतला फरक हाताने दाखवला. तिकडे कडू संत्र्याची जाड साल वापरतात. आपल्या संत्र्याची साल पातळ, ढिली, सुगंध गोड आणि कडवटपणा कमी. आतला पांढरा भाग खरवडून काढावा लागतो, नाहीतर चव बिघडते. साल उकळीच्या अगदी शेवटी टाकावी लागते, नाहीतर तिच्यातलं तेल वाफेबरोबर उडून जातं. आणि रस टाकून काही उपयोग नाही, कारण रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. हे सगळं तो टाक्या वाया घालवून शिकला. त्याच्या बिअरला मी परदेशी पेयाची नक्कल म्हणणार नाही. नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण त्याची बर्फी आणि सरबत यांच्या पलीकडे फार गेलो नाही. हा मुलगा गेला.

इथे एक सावधगिरी मला बाळगायची आहे. वाळलेली साल लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम लागते. 500 लिटरच्या टाकीला किलोभर. काटोल, नरखेड, वरूडच्या बागायतदाराचं दुखणं वेगळं आहे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवलं, फळगळ होते, प्रक्रियेचे कारखाने पुरेसे नाहीत. यातलं एकही दुखणं टॅपरूम बरं करू शकत नाही. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं तेव्हा वाइनमध्ये अख्खं द्राक्ष जात होतं, म्हणून शेतकऱ्याचं नाव घेणं तिथे शोभलं. बिअरवाल्यांनी संत्रा उत्पादकाच्या नावाने परवाना मागू नये. खरी कारणं पुरेशी आहेत.

'स्थानिक' या शब्दाचाही असाच स्वच्छ हिशोब हवा. माल्टचा सातू राजस्थान, हरियाणाकडचा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येतात. मग नागपूरचं काय? पाणी, साल, धणे, हात, आणि मालकी. शिवाय या उन्हाशी केलेली झुंज. एल प्रकारची बिअर 18 ते 20 अंशांत आंबते आणि बाहेर 45 अंश असतात. दोन तास वीज गेली आणि टाकी तापली, की यीस्ट केळ्याच्या वासाची रसायनं (एस्टर) नको तितकी सोडतं आणि बिअर पिकलेल्या केळ्यासारखी लागू लागते. म्हणून तो ब्रुअर आता नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक नावाचं यीस्ट वापरून बघतो आहे, जे 35 अंशांच्या वरही नीट काम करतं. थंड मुलखातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं यीस्ट विदर्भाच्या उन्हाळ्याला मानवतं, हे ऐकून मला फार आनंद झाला. अशा खटपटी मोठा कारखाना करत नाही. त्याला बारा महिने, अठ्ठावीस राज्यांत एकच चव हवी असते.

आंबवणं आपल्याला परकं आहे असं जे म्हणतात त्यांनी महालक्ष्म्यांचा नैवेद्य आठवावा. आमच्या घरी त्या दिवशी ज्वारीच्या पिठाची आंबील असते. पीठ ताकात भिजत ठेवायचं, आंबू द्यायचं, मग शिजवायचं. त्यात मद्य नाही, पण आंबण्याचा वास, किती वेळ ठेवायचं याचा हाताला असलेला अंदाज, उन्हाळ्यात लवकर आंबतं म्हणून घेतलेली काळजी, हे सगळं ज्ञान तेच आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यानपिढ्या बनते. विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने खाल्ली. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, त्यामुळे ती वेगळी शिजवून घ्यावी लागते, म्हणजे मेहनत जास्त. कुणीतरी ती करावी असं मला मनापासून वाटतं. सोबत सावजी मटण असेल तर मात्र हॉप्सचा हात आखडता ठेवावा. कडू बिअर सावजीचा जाळ वाढवते, माल्टची गोडी तो शांत करते.

लहान उत्पादक आणि सरकार यांचं नातं आपल्याकडे कधीच सरळ नव्हतं. इंग्रजांनी 1892 मध्ये मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवर कायदा करून निर्बंध आणले, कारण घरोघरी गाळल्या जाणाऱ्या दारूवर कर बसवणं अवघड आणि एका मोठ्या डिस्टिलरीवर बसवणं सोपं. आदिवासींच्या देवकार्यात लागणारा मोह गुन्हा ठरला आणि कारखान्याची दारू सरकारमान्य झाली. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली. इतकी वर्षं लागली. कर वसुलीच्या सोयीसाठी मोठ्यालाच जागा द्यायची ही सवय उत्पादन शुल्काच्या रचनेत तेव्हा मुरली आणि अजून निघालेली नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप माझ्याच मातीतून येतो. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींमुळे दारूबंदीचा. गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः आदिवासी बायकांच्या रेट्याने, आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी त्यासाठी घेतलेले कष्ट सगळ्यांना माहीत आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये "मी दारू पिणार नाही" ही एक आहे. त्या प्रतिज्ञेने किती घरं सावरली, किती पोरं शिकली, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. ती पाळणाऱ्या माणसापुढे मी हात जोडतो. त्याच्या वस्तीत, शाळेजवळ, विहाराजवळ टॅपरूम येऊ नये असं माझं स्वच्छ मत आहे. महाराष्ट्रात बायकांना मतदानाने दुकान बंद करता येतं, ज्याला आपण 'आडवी बाटली' म्हणतो. तो हक्क टॅपरूमलाही तितकाच लागू हवा. पुरुषांच्या ग्लासाचं बिल ज्यांच्या संसारातून जातं त्यांना नकाराचा हक्क असलाच पाहिजे.

तरीही संपूर्ण बंदीशी माझं जमत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा काकांचा खिसा आहे. चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती. बंदीत दारू चोरून आणावी लागते, आणि चोरून आणणारा पातळ, अवजड बिअर आणत नाही. तो लहान बाटलीत जास्तीत जास्त नशा आणतो. बंदी सगळ्यांत आधी सौम्य पेय संपवते आणि कडक शिल्लक ठेवते. जे गाव ठरवून, एकजुटीने बंदी पाळतं त्याचा मला आदर आहे. 30 लाखांच्या घरातल्या शहराला मात्र पिणाऱ्याला कडकाकडून सौम्याकडे नेणारी वाटही लागते.

पाण्याचा आक्षेपही खरा आहे. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी 60 टक्के कापायचा आदेश दिला होता, तो योग्यच होता. लहान ब्रुअरीत एक लिटर बिअरला धुण्याधाण्यासकट सहा-आठ लिटर पाणी सहज जातं. 500 लिटरच्या टाकीला तीन-चार हजार लिटर. कारखान्याच्या तुलनेत हे थोडं असलं तरी पेंचचं पाणी पिणाऱ्या शहरात त्याचं वेगळं मीटर हवं, आणि सांडपाण्यासाठी 'नीरी' ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, तिचा सल्ला घ्यावा. उरलेला भुसा, टाकीमागे शंभरेक किलो ओला, गोठ्यांत जातो, त्याची चिंता नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. 350 रुपयांचा ग्लास हमालाला, रिक्षावाल्याला परवडत नाही, आणि म्हणून हे सगळं पांढरपेशांचं कौतुक आहे असं कुणी म्हणालं तर मी आज तरी खोडून काढू शकत नाही. पण ही किंमत आभाळातून पडलेली नाही. ब्रिटनमध्ये 2002 साली लहान ब्रुअरींना अर्धं शुल्क लावायचं ठरलं, वर्षाला 5,000 हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे 5 लाख लिटरपर्यंत, बनवणाऱ्यांना. त्यानंतर तिथे गावोगावी ब्रुअरी उभ्या राहिल्या. ऑगस्ट 2023 पासून तर त्यांनी सगळ्याच मद्यावरचं शुल्क मद्यांशाला बांधलं. जितकं कडक तितका जास्त कर. महाराष्ट्राने जून 2025 मध्ये विदेशी मद्य आणि देशी दारूवरचं शुल्क वाढवताना बिअर आणि वाइनला वगळलं, ही दिशा बरोबर आहे. पुढचं पाऊल म्हणजे 4 टक्क्यांची आणि 8 टक्क्यांची बिअर यांच्यातलं करांचं अंतर इतकं मोठं करणं की "चढते कोणती" विचारणाऱ्याला चढणारी महाग पडावी. आणि वर्षाला काही हजार लिटर बनवणाऱ्याकडून परवान्याचे पैसे त्याच्या आकाराच्या प्रमाणात घेणं.

टॅपरूमवाल्यांनीही काही गोष्टी सरकारची वाट न बघता कराव्यात. जर्मनीत कोलोन शहरात तिथली कोल्श बिअर 200 मिलिलिटरच्या ग्लासात देतात. थंड असतानाच संपते, आणि आणखी हवी का हे दर वेळी नव्याने ठरवता येतं. आपल्या उन्हात तर मोठा मग शेवटच्या घोटापर्यंत कोमट होतो. इथेही 200 चा ग्लास हवा, शंभर-सव्वाशेत. दुपारी 4 ला उघडावं आणि मेट्रो चालू असेपर्यंतच चालवावं, म्हणजे खापरीला किंवा लोकमान्य नगरला राहणारा माणूस गाडी घरी ठेवून येऊ शकेल. मोटार वाहन कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि ती मर्यादा काही माणसं दोन ग्लासांतच ओलांडतात. वर्धा रोडवर मोठं पार्किंग असणं ही टॅपरूमची जाहिरात असू नये.

आणि फळा. त्यावर प्रत्येक बिअरसमोर टक्के लिहावेत, कुठे बनली ते लिहावं, आणि ही जागा कुणाच्या मालकीची आहे, त्यात मोठ्या मद्य कंपनीचा किती वाटा आहे, तेही लिहावं. यासाठी कुठला नवा कायदा लागत नाही, एक खडू लागतो.

मी हे त्या टॅपरूमच्या मालकाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वाद घातला, वहीत लिहूनही घेतलं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आम्ही दोघं पुन्हा गेलो तेव्हा फळ्यावर टक्के होते, मोठ्या अक्षरांत, नावाच्या शेजारीच. कुठे बनली तेही होतं. मालकीचा रकाना अजून रिकामा आहे. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात यायला लागली की तो सालीची नवी टाकी लावणार आहे. तेव्हा मी पुन्हा विचारणार आहे.